अचूकतेचा काच

वर्गात सर्वांत सुंदर अक्षर असलेल्या मुलीचा शेवटचा प्रश्न सोडवायचा राहून जातो. ज्याच्या कामात सहसा चूक सापडत नाही, त्या कर्मचाऱ्याचा अहवाल मुदत उलटली तरी साहेबांच्या टेबलावर पोचत नाही. सगळं साहित्य केव्हाच जमवून ठेवलेला संशोधक विद्यार्थी प्रबंधाचं पहिलंच प्रकरण पुन्हा पुन्हा लिहीत बसतो. ही माणसं आळशी नाहीत, बेफिकीर तर मुळीच नाहीत. काम उत्तम व्हावं ही तळमळ त्यांना चारचौघांपेक्षा जास्तच असते. मग नेमकं त्यांचंच काम का अडतं? आणि ते पुरं होऊन वाहवा मिळाली, तरी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान का दिसत नाही?

या कोड्याचं उत्तर मानसशास्त्र ‘परिपूर्णतावाद’ या स्वभावविशेषात शोधतं. रोजच्या बोलण्यात आपण त्याला परफेक्शनिझम म्हणतो, आणि तो शब्द बहुधा अभिमानानं उच्चारला जातो. नोकरीच्या मुलाखतीत स्वतःचा एखादा दोष सांगायची वेळ आली, की ‘मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर हमखास ऐकू येतं, कारण हा दोष ऐकणाऱ्याला गुणच वाटतो. गेल्या चार दशकांतलं संशोधन मात्र सांगतं, की या एका नावाखाली निरनिराळ्या प्रवृत्ती वावरतात. त्यांतल्या काही माणसाला पुढे नेतात, तर काही त्याला आतून पोखरतात.

जाळलेली हस्तलिखितं

जर्मन संगीतकार योहानेस ब्राम्स वीस वर्षांचा होता, तेव्हाची गोष्ट. १८५३ साली त्या काळचा नामवंत संगीतकार आणि समीक्षक रॉबर्ट शूमान यानं एक लेख लिहून या तरुणाच्या प्रतिभेची ग्वाही साऱ्या संगीतविश्वाला दिली. कुणाही होतकरू कलावंताला हेवा वाटावा असं हे कौतुक होतं. ब्राम्सच्या मनावर मात्र त्याचं ओझं बसलं. आता जे काही प्रसिद्ध होईल ते त्या भाकिताला साजेसंच असलं पाहिजे, आणि त्यातही बेथोवेनच्या रचनांशी तुलना होणार हे ठरलेलंच. त्याची पहिली सिंफनी रसिकांसमोर आली ती १८७६ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. तिची जुळवाजुळव वीसेक वर्षं चालू होती. चार तंतुवाद्यांसाठीच्या दोन रचना त्यानं १८७३ मध्ये प्रसिद्ध केल्या, पण त्याआधी तशा वीसेक रचना लिहून नष्ट केल्याचं त्यानंच सांगून ठेवलं आहे.

मागे उरलेलं ब्राम्सचं संगीत अजरामर ठरलं, म्हणून ही कहाणी परिपूर्णतावादाच्या बाजूनं सांगितली जाते. तिच्यातून दोन वेगळे प्रश्न मात्र निघतात. उत्तमाचा ध्यास त्याला पुढे ढकलत होता का? आणि कमी पडण्याची भीती त्याला मागे खेचत होती का? संशोधकांनी हेच दोन धागे सुटे केले.

पेडल आणि ब्रेक

१९७८ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॉन हॅमाचेक यांनी परिपूर्णतावादाचे दोन प्रकार मांडले, निरोगी आणि विकारी. पहिल्या प्रकारातल्या माणसाला कष्टांत आनंद मिळतो, आणि प्रसंग पाहून तो आपला आग्रह थोडा सैलही करू शकतो. दुसऱ्या प्रकारातल्या माणसाला कितीही केलं तरी ते पुरेसं वाटत नाही.

१९९० साली रँडी फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी हे मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात परिपूर्णतावादाचे सहा पदर होते: चुकांची धास्ती, स्वतःचे उंच मापदंड, आईवडिलांच्या अपेक्षा, आईवडिलांची टीका, आपण केलं ते बरोबर की चूक ही सततची शंका आणि टापटिपीची आवड. पुढच्या अभ्यासांत हे पदर दोन मोठ्या गटांत विभागले गेले. एका गटाला ‘परिपूर्णतेची धडपड’ म्हणता येईल, दुसऱ्याला ‘परिपूर्णतेची चिंता’. धडपड म्हणजे उंच ध्येय ठेवून त्यासाठी झटणं. चिंता म्हणजे चुकीचं भय, लोक काय म्हणतील याचा घोर आणि आपण जे आहोत व जे असायला हवं त्यांतली दरी सतत डोळ्यांसमोर असणं.

सायकल चालवताना धडपड पेडल मारते आणि चिंता ब्रेक दाबून धरते. नुसतं पेडल मारणारा वेगानं जातो, कधी दमतो, थांबून पुन्हा निघतो. पेडल आणि ब्रेक एकाच वेळी दाबणाऱ्याचे पाय भरून येतात, पण अंतर फारसं कापलं जात नाही. बघणाऱ्याला वाटतं, हा पुरेसा जोर लावत नाही, म्हणून तो ‘अजून मेहनत कर’ असा सल्ला देतो. दोष मात्र जोरात नसून आवळून धरलेल्या ब्रेकमध्ये असतो.

लेखाच्या सुरुवातीचं कोडं इथे बरंचसं सुटतं. कामं पुढे ढकलण्याच्या सवयीवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा चिंता जास्त असलेली माणसं कामं अधिक लांबणीवर टाकतात आणि धडपड जास्त असलेली कमी, असं दिसलं. काम सुरूच केलं नाही, तर ते फसणारही नाही. अपुऱ्या अहवालाला कुणी वाईट म्हणू शकत नाही. टाळाटाळ ही अशा माणसाची स्वसंरक्षणाची युक्ती असते.

धडपड म्हणजे काय, याचं उदाहरण मराठी वाचकांच्या चांगल्या ओळखीचं आहे. २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पहिल्या तीन कसोटींत सचिन तेंडुलकरला एकही अर्धशतक करता आलं नव्हतं. ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू ड्राइव्ह करताना तो काही वेळा बाद झाला होता. जानेवारी २००४ मध्ये सिडनीच्या चौथ्या कसोटीत त्यानं आपला आवडता कव्हर ड्राइव्ह जवळजवळ पूर्णपणे बाजूला ठेवला आणि नाबाद २४१ धावा केल्या. मापदंड तोच राहिला. चूक कुठे होते आहे हे पाहून त्यानं फक्त वाट बदलली. अशा वेळी चूक ही खेळाविषयीची माहिती असते, खेळाडूच्या लायकीवरचा शिक्का नसते.

अपेक्षा कुणाची, कुणाकडून?

१९९१ मध्ये कॅनडातल्या पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी आणखी एक प्रश्न विचारला: परिपूर्ण असण्याची अपेक्षा करतं कोण आणि ती असते कुणाकडून? त्यावरून त्यांनी तीन रूपं सांगितली.

पहिलं रूप स्वतःकडे वळलेलं. अशी व्यक्ती स्वतःकडूनच निर्दोष कामाची मागणी करते. पोळी गोल झालीच पाहिजे, पत्रात एकही खाडाखोड नको, गाण्यातली एक तानही घसरायला नको. सगळं सुरळीत असेतो हे रूप कामाला जोर देतं. अपयशाचा किंवा ताणाचा काळ आला की तीच व्यक्ती स्वतःवर तुटून पडते.

दुसरं रूप इतरांकडे वळलेलं. इथे कठोर फूटपट्टी जोडीदाराला, मुलांना, हाताखालच्या माणसांना लावली जाते. सुनेनं घडी घातलेले कपडे पुन्हा उलगडून घडी घालणारी सासू, किंवा कनिष्ठाच्या मसुद्यातला शब्द न् शब्द बदलणारा अधिकारी. याची झळ आसपासच्यांना जास्त बसते. नात्यांत कुरबुरी वाढतात आणि हाताखालची माणसं स्वतःहून काही करण्याचं सोडून देतात.

तिसरं रूप म्हणजे समाजानं लादलेलं. ‘लोकांना माझ्याकडून परिपूर्णताच हवी आहे, आणि ती नसेल तर ते मला आपलं म्हणणार नाहीत’ अशी ठाम समजूत इथे असते. लोकांची खरोखर तशी अपेक्षा असो वा नसो, त्या व्यक्तीला ती तशीच जाणवत असते. तिन्हींत हे रूप सर्वांत घातक मानलं जातं. नैराश्य, चिंता आणि आत्महत्येचे विचार यांच्याशी त्याचा संबंध अभ्यासांत वारंवार आढळला आहे. स्वतः ठरवलेलं ध्येय माणूस निदान बदलू तरी शकतो. दुसऱ्यांच्या मनातला मापदंड त्याच्या हातात नसतो, आणि यश मिळालं की लोकांची अपेक्षा आणखी वाढेल अशीही धास्ती असते. त्यातून हतबलता येते.

याच संशोधकांनी पुढे आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधलं. काही जण परिपूर्ण होण्यापेक्षा परिपूर्ण *दिसण्यासाठी* झटतात. आपली कर्तबगारी पुढे करणं, चूक कुणाच्या नजरेला पडू न देणं आणि अडचण तोंडानं कबूल न करणं अशी त्याची तीन अंगं. यांतलं तिसरं सर्वांत काळजीचं. अशी माणसं कोसळण्याच्या बेतात असली तरी ‘सगळं मजेत’ असंच सांगतात, आणि मदत त्यांच्यापर्यंत उशिरा पोचते.

हलत राहणारी रेषा

चिंता एकदा बळावली की ती स्वतःच स्वतःला पोसत राहते. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या रॉझ शॅफ्रन, झफ्रा कूपर आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी हे चक्र उलगडून दाखवलं. त्याच्या मुळाशी एक समीकरण असतं: माझी किंमत म्हणजे माझी कामगिरी.

या समीकरणातून ‘सगळं किंवा काहीच नाही’ असे नियम तयार होतात. नव्वद गुण म्हणजे यश, एकोणनव्वद म्हणजे अपयश. मधलं काही नाही. मग मन पहारा देऊ लागतं, पण फक्त उण्या गोष्टींवर. भाषणानंतर चाळीस जणांनी कौतुक केलेलं असतं, लक्षात राहते ती एक अडखळलेली ओळ.

इथून दोन वाटा फुटतात. मापदंड गाठता आला नाही, तर माणूस स्वतःला बोल लावतो आणि पुढच्या वेळी आणखी कडक नियम घालून घेतो. मापदंड गाठता आला, तर ‘म्हणजे तो सोपाच होता’ असा निष्कर्ष निघतो आणि रेषा आणखी वर सरकते. दोन्ही वाटांवर समाधानाला जागा नाही. कामात यश मिळत असूनही माणूस असमाधानी का राहतो, याचं उत्तर या दुसऱ्या वाटेत आहे.

भरीला काही सवयी जडतात. पाठवण्याआधी ईमेल दहादा वाचणं, दुसऱ्याच्या कामाशी सतत तुलना, निर्णय घेण्याआधी माहिती जमवतच राहणं, दुसऱ्यावर काम न सोपवणं. त्यांनी तात्पुरता दिलासा मिळतो. पण ‘एवढं तपासलं म्हणूनच वाचलो’ अशी समजूत पक्की होते, आणि न तपासताही काही बिघडलं नसतं हे कधी कळतच नाही.

बीज कुठून येतं?

जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून यात आनुवंशिकतेचा काही वाटा दिसतो. उरलेल्या वाट्यासाठी फ्लेट, ह्युइट आणि सहकाऱ्यांनी घरातल्या चार वाटा सांगितल्या आहेत. काही घरांत माया गुणांवर अवलंबून असते. निकाल चांगला तर घरात हसरे चेहरे, नाही तर अबोला. काही घरांत आई किंवा वडील स्वतःच परिपूर्णतावादी असतात आणि मूल पाहून शिकतं. काही मुलांचं घर अस्थिर किंवा कठोर असतं. ‘मी काहीच चुकलो नाही तर मार बसणार नाही’ हा त्यांचा बचाव असतो. आणि काही घरांतले पालक चुकांना इतके घाबरतात, की मुलालाही प्रत्येक चूक धोक्याची वाटू लागते.

कौतुकाची तऱ्हाही इथे महत्त्वाची ठरते. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असं सांगितलं, तर काहींच्या मेहनतीचं कौतुक केलं. नंतर अवघड कोड्यांत अपयश आलं, तेव्हा हुशारीचं कौतुक झालेली मुलं लवकर नाउमेद झाली. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी दुसऱ्या मुलांना आपले गुण वाढवून सांगितले. हुशार ठरलेल्या मुलाला चूक परवडत नाही.

वाढता रेटा

थॉमस करन आणि अँड्र्यू हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९८९ ते २०१६ या काळातल्या अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१,६४१ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची उत्तरं एकत्र तपासली. तिन्ही रूपं वाढलेली आढळली: स्वतःकडे वळलेलं सुमारे १० टक्क्यांनी, इतरांकडे वळलेलं १६ टक्क्यांनी आणि समाजानं लादलेलं ३३ टक्क्यांनी. सर्वांत घातक रूपच सर्वांत वेगानं वाढलं होतं. पिढीगणिक वाढणारी स्पर्धा, माणसाला गुणांवरून जोखणारी व्यवस्था आणि मुलांच्या भवितव्याविषयी धास्तावलेले पालक, अशी कारणं या दोघांनी पुढे ठेवली आहेत.

ही आकडेवारी पाश्चात्त्य देशांतली आहे. तिच्यात वर्णन केलेली व्यवस्था मात्र महाराष्ट्रातल्या घरांना अनोळखी नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत उत्तम पाच विषयांचे गुण धरले जातात आणि खेळ व कलेचे वाढीव गुण मिळतात. त्यामुळे शंभर टक्के मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या अलीकडच्या वर्षांत शंभरावर गेली आहे. या मुलांचे कष्ट खरे आहेत. पण मापदंडच शंभरावर जाऊन टेकला, की छप्पन्न टक्क्यांवरून बहात्तरवर आलेल्या मुलाची झेप घरात कुणी मोजत नाही, आणि सत्त्याण्णव मिळवणारी मुलगी ‘तीन कुठे गेले?’ या प्रश्नाला उत्तर देत बसते.

यामुळे काम तरी चांगलं होतं का?

परिपूर्णतावादाच्या बाजूनं नेहमी एक युक्तिवाद होतो: त्रास होत असेल, पण दर्जा तर राखला जातो. नोकरीच्या ठिकाणच्या परिपूर्णतावादावरच्या जवळजवळ चार दशकांतल्या ९५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. परिपूर्णतावादी कर्मचारी जास्त तास काम करत होते, त्यांची प्रेरणा अधिक होती, आणि त्याचबरोबर ताण, चिंता आणि कामानं पार थकून जाणंही जास्त होतं. त्यांच्या कामगिरीत मात्र म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

टेनिसपटू आंद्रे अगासीनं आत्मचरित्रात याचा अनुभव सांगितला आहे. १९९४ मध्ये ब्रॅड गिल्बर्ट त्याचा प्रशिक्षक झाला. अगासी प्रत्येक फटका निर्णायक मारायला जातो आणि तसा बसला नाही की खचतो, हे गिल्बर्टनं त्याला तोंडावर सांगितलं. चेंडू खेळात ठेव, प्रतिस्पर्ध्याला चुकू दे, असा त्याचा साधा सल्ला होता. त्याच वर्षी अगासीनं मानांकन नसताना अमेरिकन ओपन जिंकली, आणि पुढच्या वर्षी तो जगात पहिल्या क्रमांकावर पोचला.

कॅनडातले पॅट्रिक गोद्रो यासाठी वेगळी विभागणी सुचवतात. उत्कृष्टतेची आस असलेला माणूस ध्येय उंच पण आवाक्यातलं ठेवतो आणि ते गाठलं की पुढच्या कामाला लागतो. परिपूर्णतावादी त्याच कामावर आणखी ताकद खर्च करत राहतो, आणि एका टप्प्यानंतर त्या ताकदीचं मोल फारसं मिळत नाही.

> थोडक्यात: कोणत्या बाजूला आहोत?
>
> चूक झाल्यावर: निरोगी धडपड विचारते, ‘पुढच्या वेळी काय बदलू?’ चिंता म्हणते, ‘मीच नालायक.’
>
> ध्येय गाठल्यावर: एक समाधान मानून पुढे जाते. दुसरी ‘ते सोपंच होतं’ म्हणून रेषा वर सरकवते.
>
> काम हाती घेताना: एक सुरुवात करते. दुसरी योग्य वेळेची वाट पाहते.
>
> मदतीची गरज पडल्यावर: एक मागते. दुसरी लपवते.
>
> मापदंड: एकीला प्रसंगानुसार सैल करता येतात. दुसरीला सगळ्याच कामांना एकच फूटपट्टी लावावी लागते.

ब्रेक सैल करताना

परिपूर्णतावाद हा स्वतः आजार नाही. नैराश्य, चिंताविकार, खाण्याशी निगडित विकार आणि मंत्रचळ अशा अनेक आजारांच्या मुळाशी तो सापडतो, आणि त्यांच्या उपचारांत अडथळाही आणतो. म्हणून आता थेट त्याच्यावरच उपचार करण्याच्या पद्धती विकसित झाल्या आहेत.

त्यांचा पाया अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात घातला. आपण प्रत्येक बाबतीत पूर्ण सक्षम असलंच पाहिजे, तरच आपल्याला किंमत आहे, ही समजूत त्यानं अविवेकी समजुतींच्या यादीत घातली. उत्तम काम व्हावं ही इच्छा निरोगी. ते झालंच पाहिजे, नाही तर मी कवडीमोल, हा हट्ट रोगट. एलिसची ही विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजवण्याचं काम डॉ. कि. मो. फडके यांनी प्रशिक्षणातून आणि मराठी लेखनातून केलं.

आजच्या उपचारांत समजुती तपासण्याबरोबर प्रत्यक्ष प्रयोगही करायला लावतात. ईमेल एकदाच वाचून पाठवायचा आणि काय होतं ते लिहून ठेवायचं. पाहुणे येणार असताना एक खोली न आवरता सोडायची. अहवालाला आधीच ठरवलेले दोन तास द्यायचे आणि तेवढ्या वेळात जमेल तसा सादर करायचा. मनातल्या भाकितापुढे प्रत्यक्ष परिणाम ठेवला, की भाकीत किती फुगवलेलं होतं हे त्या माणसाला स्वतःलाच दिसतं. अशा उपचारांनी परिपूर्णतावाद तर घटतोच, सोबतची नैराश्याची आणि चिंतेची लक्षणंही कमी होतात, असं अनेक चाचण्यांत आढळलं आहे.

पुष्कळांना भीती वाटते, की स्वतःशी मवाळ झालो तर ढिले पडू. कॅलिफोर्नियातल्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये हेच तपासलं. अवघड शब्दपरीक्षेत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना स्वतःकडे सहानुभूतीनं पाहायला सांगितलं गेलं. दुसऱ्या परीक्षेआधी अभ्यासाला सर्वांत जास्त वेळ याच विद्यार्थ्यांनी दिला. चुकीकडे पाहण्याची भीती ओसरली, की ती दुरुस्त करायला बळ उरतं.

घरात आणि शाळेतही याची सुरुवात करता येते. निकालाआधी मुलानं काय केलं याविषयी बोलणं, मोठ्यांनी आपली चूक मुलांसमोर सहज कबूल करणं, उत्तरपत्रिकेत फक्त लाल खुणा करण्याऐवजी कुठली पायरी बरोबर जमली हेही लिहिणं. आणि एखाद्या व्यक्तीची झोप उडाली असेल, ती माणसं टाळू लागली असेल किंवा जगणं नकोसं झाल्याचं बोलत असेल, तर तिचे गुण आणि तिची कामगिरी पाहून ‘हिला काय कमी आहे’ असं ठरवू नये. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. लादलेल्या परिपूर्णतेखाली दबलेली माणसं स्वतःहून मदत मागायला कचरतात. त्यामुळे पहिला फोन बहुधा जवळच्या माणसानंच लावून द्यावा लागतो.